पिस्तुलातला फेरफार: मूठ, मोजमाप आणि कायदा

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या बातम्यांत पिस्तूल येते ते बहुतेक वेळा ‘गावठी’ हे विशेषण लावूनच. ठाणे मंचरचे असो, नारायणगावचे असो की जुन्नरचे, मजकूर ठरलेला असतो. एक गावठी पिस्तूल आणि काही जिवंत काडतुसे जप्त, आरोपी ताब्यात. त्यामुळे पेठसारख्या गावातल्या एखाद्या मुलीने घरी सांगितले, की मला पिस्तूल नेमबाजी शिकायची आहे, तर आईवडिलांना आधी ती बातमी आठवते, नेमबाज राही सरनोबत नंतर. मुलीची इच्छा तिथेच संपते. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा मुळापासून पाहायला हवा. पिस्तुलात बदल करणे म्हणजे नेमके काय, खेळाच्या नियमांत ते कुठवर बसते, कायदा कुठे अडवतो, आणि जगभर ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ या नावाने रुजलेली स्पर्धा आपल्याकडे का रुजली नाही?

सुरुवात मुठीपासून करू. दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात नेमबाज उभ्याने, एकाच हाताने साठ छर्रे झाडतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो ११.५ मिलिमीटर. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये अंतर साधारण एक फुटाचे. तिथे एक दशांश मिलिमीटरची चूक झाली, तर दहा मीटरवरच्या कागदावर ती तीन मिलिमीटरहून मोठी होते. हात स्थिर ठेवणे ही यातली अर्धीच गोष्ट. पिस्तूल दर वेळी हातात अगदी त्याच जागी बसले पाहिजे, ही उरलेली अर्धी, आणि तिची जबाबदारी मुठीवर असते. कारखान्यातून अक्रोडाच्या लाकडाची मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते, पण माणसाचा तळहात अशा मापांत येत नाही. मग कानशीने घासणे सुरू होते. अंगठ्याखाली जरा कमी करायचे, तळहाताच्या खोलगट भागात पुट्टी भरायची, वाळली की पुन्हा घासायची, आणि शे-दोनशे छर्रे झाडून पाहायचे. तळहाताला खालून आधार देणारी फळी वरखाली करता येते, मूठ थोडी तिरकी करता येते, ट्रिगरची पट्टी बोटाच्या लांबीप्रमाणे मागेपुढे सरकते. नळीखाली छोटी वजने लावून तोल पुढे नेता येतो. चांगले नेमबाज यात महिने घालवतात. एकदा जमलेली मूठ कुणी हातात घेतलेलीसुद्धा त्यांना आवडत नाही.

ही मोकळीक अमर्याद नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने प्रत्येक बदलाला माप घालून दिले आहे. एअर पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपर्यंत चालते आणि ट्रिगरचा भार किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. सगळे पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. पंचवीस मीटर प्रकारातल्या पॉइंट टूटू पिस्तुलाला वजनाची मर्यादा १४०० ग्रॅम, ट्रिगरचा भार किमान १००० ग्रॅम आणि पेटी ३०० × १५० × ५० मिलिमीटरची. मूठ हाताभोवती गुंडाळलेली नसावी, मनगटाला तिचा आधार मिळू नये आणि भिंगाची साइट लावू नये, असेही बंधन आहे. स्पर्धेआधी ‘इक्विपमेंट कंट्रोल’च्या टेबलावर पिस्तूल पेटीत घालून पाहतात, ट्रिगरला वजन टांगतात, आणि सगळे बसले तरच खुणेची चिकटपट्टी लावतात. स्पर्धा सुरू असतानाही तपासणी होऊ शकते. या खेळात फेरफार चोरून होत नाही. तो टेबलावर ठेवला जातो, मोजला जातो आणि नोंदवला जातो. माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली याच टेबलावर आहे.

यंत्राची बाजू किती नाजूक असते हे २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये साऱ्या देशाने पाहिले. मनू भाकर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत चांगल्या लयीत असताना तिच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. तिचे प्रशिक्षक, मुंबईचे रौनक पंडित, तिला घेऊन रेंजबाहेर गेले. दुरुस्ती करून परत येईपर्यंत पंधरा मिनिटांहून अधिक वेळ हातचा गेला होता. उरलेल्या वेळात घाईने नेम धरत तिने ५७५ गुण केले, बारावी आली, आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके मिळवली, त्यामुळे टोकियोची आठवण आता कमी बोचते. पण पिस्तूल उघडून दहा मिनिटांत पूर्ववत करणारा कारागीर, ज्याला खेळाडू ‘आर्मरर’ म्हणतात, तो प्रशिक्षकाइतकाच महत्त्वाचा आहे, हे त्या दिवशी कळायला हवे होते. आपण त्यावर बोललो ते नशिबाच्या भाषेत.

महाराष्ट्राला या खेळाची परंपरा नाही असे नाही. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी ठरणारी ‘मावळंकर’ स्पर्धा त्यांच्याच नावाने चालते. आमच्याकडच्या किती जणांना हे ठाऊक आहे? १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अशोक पंडित यांनी सेंटर फायर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकले. रौनक हे त्यांचेच चिरंजीव. २०१० साली दिल्लीत अनीसा सय्यद आणि राही सरनोबत या जोडीने पंचवीस मीटर पिस्तूलचे सुवर्णपदक मिळवले. पुढे २०१३ साली कोल्हापूरच्या राहीने दक्षिण कोरियातल्या चांगवन इथल्या विश्वचषकात सुवर्ण घेतले आणि २०१८ साली पालेमबांगला आशियाई सुवर्ण. त्या अंतिम फेरीत थायलंडच्या नफास्वान यांगपायबूनशी ३४-३४ अशी बरोबरी झाली. पहिल्या शूट-ऑफमध्येही दोघी समान राहिल्या, दुसऱ्यात निकाल लागला. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. रायफलमध्ये अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत आणि पॅरिसमध्ये कांस्य जिंकणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे यांची नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. पिस्तूलवाले त्या मानाने मागे राहिले. मला वाटते, पिस्तूल या शब्दालाच चिकटलेली भीती त्यामागे आहे. रायफल पाहून सैनिक आठवतो, पिस्तूल पाहून गुंड.

आता प्रॅक्टिकल शूटिंग. ऑलिंपिकची नेमबाजी एका जागी, एका अंतरावर, एका लयीत होते. याउलट १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात जेफ कूपर आणि त्यांच्या सोबत्यांनी पिस्तूल धावपळीत, आडोशाआडून, वेगवेगळ्या अंतरांवर कसे चालते हे पाहणाऱ्या स्पर्धा सुरू केल्या. १९७६ साली अमेरिकेतल्या कोलंबिया, मिसूरी इथे आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग महासंघ स्थापन झाला आणि कूपर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. महासंघाच्या लॅटिन ब्रीदात अचूकता, ताकद आणि वेग हे तीन शब्द आहेत. नेमबाज कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढतो, लाकडी चौकटींमधून वाट काढत पळतो, कागदी आणि पोलादी लक्ष्ये टिपतो, वाटेत मॅगझिन बदलतो. प्रत्येक टप्प्याची रचना वेगळी असते.

गुण मोजण्याची पद्धत मोठी न्यायाची आहे. मिळवलेले गुण भागिले लागलेले सेकंद, हा टप्प्याचा ‘हिट फॅक्टर’. एकाने दहा सेकंदांत साठपैकी साठ गुण केले तर त्याचा आकडा ६ येतो. दुसऱ्याने आठ सेकंदांत छप्पन्न केले तर ७, म्हणजे चार गुण गमावूनही तो पुढे जातो. पण वेगाच्या नादात दोन लक्ष्ये साफ चुकली तर दंडाचे गुण वजा होतात आणि तो थेट तळाला जातो. बैलगाड्याच्या घाटावर उभे राहिलेल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तिथेही प्रत्येक बारी एकटी पळते आणि जिंकणे ठरते ते सेकंदावर.

पिस्तुलातल्या बदलांवरून या स्पर्धेत गट पाडले आहेत. ‘प्रॉडक्शन’ गटात कारखान्यातून आलेले पिस्तूल जवळपास जसेच्या तसे चालवायचे. ‘स्टँडर्ड’मध्ये थोडी मोकळीक मिळते. ‘ओपन’ गटात लाल ठिपक्याची विजेरी साइट, नळीच्या तोंडाशी वायू वर फेकून उसळी दाबणारा कॉम्पेन्सेटर, मॅगझिन झटकन आत जावे म्हणून रुंद केलेले तोंड आणि लांब मॅगझिन, असे सगळे चालते. शिवाय रिव्हॉल्व्हरचा आणि जुन्या धाटणीच्या पिस्तुलांचा वेगळा गट आहे. स्प्रिंग हलकी करणे, ट्रिगरचे भाग गुळगुळीत करणे हे काम तिथले बंदूक-कारागीर अभिमानाने करतात, आणि त्यांच्या नावावर पिस्तुले ओळखली जातात. तिथेही टेबल आहेच. गोळीचे ग्रेनमधले वजन आणि फूट-सेकंदातला वेग यांचा गुणाकार भागिले हजार, हा ‘पॉवर फॅक्टर’ किमान १२५ भरावा लागतो. स्पर्धकाची काडतुसे अचानक काढून घेतात आणि वेगमापकासमोर झाडून पाहतात. कमी भरली तर गुण मोजले जात नाहीत.

हे गणित आपल्याकडे लावून पाहावे. भारतात सामान्य परवानाधारकाला मिळते ते प्रामुख्याने पॉइंट थ्री टूचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, कानपूर किंवा कोसीपूरच्या सरकारी कारखान्यातले. त्या पिस्तुलाची गोळी साधारण ७१ ग्रेनची आणि वेग ९०० फुटांच्या आसपास. पॉवर फॅक्टर येतो ६४, म्हणजे किमान आकड्याच्या जेमतेम निम्मा. शिवाय या स्पर्धेत गोळीचा व्यास कमीत कमी ९ मिलिमीटर असावा लागतो, आणि सैन्याची ९ मिलिमीटरची गोळी चालवणारी पिस्तुले आपल्या कायद्याने ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतात. म्हणजे हौस आणि पैसा दोन्ही असलेला परवानाधारकही आपले पिस्तूल घेऊन त्या स्पर्धेच्या दारापर्यंत पोचत नाही. प्रॅक्टिकल शूटिंग इथे का रुजले नाही याची चर्चा लोक मानसिकतेपासून सुरू करतात. खरे कारण बरेच रुक्ष आहे आणि ते काडतुसाच्या मापात आहे.

कायद्याचा इतिहासही लक्षात घ्यावा लागतो. १८५७ च्या धसक्यानंतर इंग्रजांनी १८७८ चा शस्त्र कायदा आणला, तो भारतीयांच्या हातून शस्त्र काढून घेण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, २०१६ चे नियम आले आणि २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य माणसाला ठेवता येणारी शस्त्रे तीनवरून दोनवर आली. खेळाडूंना मात्र जास्त शस्त्रांची सवलत राहिली. शस्त्र बनवणे, विकणे यांच्यासारखेच दुरुस्त करणे आणि बदलणे यालाही परवाना लागतो. नळी आखूड करणे, खेळण्यातल्या किंवा नकली शस्त्राचे खरे शस्त्र करणे, एका प्रकारचे शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलणे, हे कलम ६ खाली परवान्याविना गुन्हा आहे. २०१९ नंतर अशा गुन्ह्याला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. ज्यांना इंटरनेटवरची परदेशी चित्रे पाहून घरच्या परवान्याच्या पिस्तुलाशी काही करून बघावेसे वाटते, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. तिकडचा छंद इकडे तुरुंगाची वाट ठरू शकतो. आणि मला हे कडक वाटत नाही, योग्य वाटते. ज्या देशात बेकायदा शस्त्रे एवढी फिरतात तिथे बदलाची नोंद ठेवण्याचा आग्रह ढिला करून चालणार नाही.

ती बेकायदा शस्त्रे येतात कुठून? जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी आहे. पुणे जिल्ह्यात सापडणाऱ्या गावठी पिस्तुलांच्या तपासात या गावाचे नाव वारंवार येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथवर जाऊन भट्ट्यांवर छापे घातले. तिथल्या कारागिरांच्या हातात कसब आहे, यात शंका नाही. कानस, छिन्नी आणि भट्टीवर चालणारे पिस्तूल घडवणे सोपे काम नाही. पण त्या पिस्तुलाची नळी कुणी तपासलेली नसते, ट्रिगरचा भार कुणी मोजलेला नसतो, पडले तर आपोआप उडणार नाही याची हमी नसते, आणि त्याच्यावर कुणाची नोंद नसते. धातूची तीच समज आणि तीच कानस वापरणारा कायदेशीर आर्मरर आपण घडवला नाही. कौशल्य होते, त्याला उजेडातला धंदा मिळाला नाही. मला या साऱ्या विषयातली सर्वांत दुःखाची गोष्ट हीच वाटते.

मग प्रॅक्टिकल शूटिंग इथे आणावे का? बाजूने बोलणारे सांगतात, की पोलीस आणि सुरक्षा दलांना अशा सरावाची गरज आहे. एका जागी उभे राहून कागदावर नेम धरल्याने रस्त्यावरची वेळ निभावत नाही. हे खरे आहे, आणि दलांनी तो सराव आपापल्या आवारात जरूर वाढवावा. विरोधात बोलणारे म्हणतात, की कमरेचे पिस्तूल उपसून धावण्याचा खेळ नागरिकांना शिकवणे म्हणजे सिनेमातल्या गुंडगिरीला मैदान देणे. ही भीती मला अर्धवट माहितीतून आलेली वाटते. या खेळाइतकी कडक सुरक्षाशिस्त क्वचितच कुठे असेल. रेंज ऑफिसरचा हुकूम येईपर्यंत पिस्तुलाला हात लावायचा नाही आणि ते रिकामेच असायचे. नळी ठरलेल्या मर्यादेपलीकडे मागे वळली, धावताना बोट ट्रिगरवर राहिले किंवा पिस्तूल हातातून पडले, तर माणूस साऱ्या स्पर्धेतून बाद, मग तो जगज्जेता का असेना. दुसरी संधी नाही. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्यांना शिक्षा करण्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद करावी लागलेल्या देशाने यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तरीही माझे मत असे, की नागरिकांसाठी हा खेळ आत्ता आणण्याची घाई करू नये. आपल्याकडे रेंज मोजक्या आहेत, प्रशिक्षित रेंज ऑफिसर त्याहून कमी, आणि तपासणीचे टेबल जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळेलच असे नाही. पाया नसताना वरचा मजला बांधू नये.

पाया म्हणजे एअर पिस्तूल. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० जूलच्या आतली ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेतल्या एअर पिस्तुलाची ऊर्जा सहा जूलच्या आसपास असते. त्यासाठी डोंगराची पाठ आणि मातीचे बांध नकोत, शाळेचा एक लांबट हॉल, मागे गोळी अडवणारा पडदा आणि कडक शिस्तीचा एक शिक्षक एवढे पुरते. आज पेठच्या मुलीला रेंज हवी तर पुणे-नाशिक महामार्गाने पन्नास-साठ किलोमीटर पार करून म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जावे लागते. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेले हे संकुल अजूनही जिल्ह्याचा मोठा आधार आहे. पण रोजचा सराव एवढ्या लांबून होत नाही, आणि नेमबाजी रोजच्या सरावावरच उभी असते.

दुसरी अडचण सामानाची. स्पर्धेच्या दर्जाची पिस्तुले इटली, स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रियातून येतात आणि त्यांची किंमत लाखांत जाते. पॉइंट टूटूची स्पर्धेची काडतुसेही परदेशीच. १८६९ पासून काडतुसे बनवणारा खडकीचा दारूगोळा कारखाना इथून फार लांब नाही, आणि तो ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीत आता मोडतो तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. तरीही आपल्या पोरींचा सराव आयातीच्या तारखांवर अवलंबून राहतो. सैन्याची गरज आधी, हे मान्य. पण दीडशे वर्षांच्या अनुभवातून खेळासाठी एक चांगले काडतूस निघू नये, हे पटत नाही. हवाई शस्त्रांत थोडी हालचाल दिसते. ठाणे जिल्ह्यातल्या प्रेसिहोलने देशी हवाई रायफली बनवून दाखवल्या, आणि नळीला अचूक छिद्र पाडण्याची यंत्रे हा त्या घराण्याचा मूळ व्यवसाय. पिस्तुलातही असे कुणी उतरायला हवे.

बिबट्याचा विषय इथे टाळता येणार नाही, कारण जुन्नर वन विभागात बंदुकीची चर्चा त्याच्याशिवाय होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात माणसे मारली गेल्यावर नेमबाज बोलावून बिबट्याला गोळी घालण्यात आली, आणि तेव्हापासून शेतकऱ्याला शस्त्र द्या अशी भावना उसळून येते. ती वेदना खरी आहे. उसात रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याची भीती शहरात बसून हिणवू नये. पण पिस्तूल हे त्यावरचे उत्तर नव्हे. अंधारात, उसाच्या पानांआडून झेपावणाऱ्या जनावरापुढे पॉइंट थ्री टूचे पिस्तूल आणि घाबरलेला हात काहीही करू शकत नाहीत, शेजारच्या वस्तीला मात्र धोका होतो. नेमबाजीचा खेळ आणि बिबट्याचा बंदोबस्त हे दोन प्रश्न वेगळे ठेवले तरच दोन्हींचे भले होईल.

आणि शेवटी पुन्हा मूठ. पेठपासून जवळच अवसरी खुर्दला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन आहे. नेमबाजाच्या हाताचा शाडूत ठसा घेऊन, तो स्कॅन करून, सागाच्या किंवा अक्रोडाच्या ठोकळ्यातून यंत्रावर मूठ कोरणे हे तिथल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले काम आहे. एअर पिस्तुलाच्या मुठीला परवाना लागत नाही, नियमपुस्तकातली मापे छापील आहेत, आणि ४२० × २०० × ५० ची पेटी कुठलाही सुतार एका दिवसात करून देईल. असा एक प्रकल्प दर वर्षी झाला, तर तीन-चार वर्षांत तालुक्यात ट्रिगरचा भार मोजता येणारी, पिस्तूल उघडून साफ करता येणारी, लिव्हर तुटला तर बदलता येणारी पाच-सहा मुले-मुली तयार होतील. त्यांना पुढे परवानाधारक आर्मररचे शिक्षण द्यायला बालेवाडी आहे, राज्य राखीव दलाची शस्त्रागारे आहेत. मंचर किंवा जुन्नरच्या एखाद्या शाळेने आपला हॉल संध्याकाळी दोन तास मोकळा करून दिला, की कामाला सुरुवात होते.